हळदीवरचा बॅनर

—तर येडी मीच, माणिकमामा, दुसरं कोन? स्वतःच्या पोरीचा बॅनर स्वतः छापून घेतला, स्वतः चौकात उभी राहून वर चढवला, 'जरा डावीकडं, भाऊ, जरा डावीकडं' म्हनत — अन् आता तोच काढा म्हनून सकाळी सकाळी मोंढ्याच्या बाजारात येऊन तुमच्या पाया पडून राहिले. चौकातून उतरला तं कोनाकोनाच्या हातानं फिरत तुमच्या मालकाच्या हळदीवर येऊन पडला. न्हाई, मालकाची चूक न्हाई. आभाळ आलं की मानूस हातात घावंल ते झाकते. पन बघा तं कसा टाकलाय — बराबर रस्त्याकडं तोंड करून! माझी दीक्षा हळदीच्या ढिगावर आडवी पडून हसून राहिली, अन् वरती व्यंकटराव, नगरसेवक व्हायचं हाय म्हनून, तिच्यापेक्षा मोठं तोंड करून. आज तिचा बारावीचा पह्यला पेपर हाय, मामा, अकराला. ड्रेस घालून, हॉल तिकीट मांडीवर घेऊन बसलीय घरी. मी म्हनलं, तू बस, आई जाऊन तेवढा बॅनर उतरवून येते, मग निवांत जाय मोंढ्यावरून. दुसरा रस्ता स्टॅन्डावरून, तिथं ती टपरी, ती पोरं — तिकडून तं ती मेली तरी जायची न्हाई. कालेजात बी गेली न्हाई कधीची. घरीच वाचती. वाचती म्हंजे, पुस्तक उघडं असते.

न्हाई, पानी नको. तुमी बसा. तुमी रखवालदार, तुमच्या हातात काय, माहीत हाय मला, मालकाला विचारावं लागंल — पन माझं ऐकून तं घ्या. ऐकायला तसं गाव ऐकतेच माझं. तुमी बघता का, कय्युमभाईच्या केबलवर सांजच्या बातम्या? लाइट असली तं? तीच मी, पद्माबाई. गोडाऊनमधी मागं चादर लावून बसवते मला, चादरीवर मोर हाय, लोकांना वाटते स्टुडिओ हाय. अन् बातम्या तरी काय — कोनाची म्हैस सुटली, कोनाचं लेकरू पह्यल्या वाढदिवसाला रडून राहिलं त्याचा फोटो, वारंग्याच्या फाट्यावर ट्रक पलटला, औंढ्याला दर्शनाच्या लाइनीत कोनाच्या चपला गेल्या. ते झालं की शेवटी माझे दोन शब्द. माझे दोन शब्द कधी दोन असते का! सीरियलमधल्या सुना झोपताना बी नथ काढत न्हाईत काहून, सासू दुधात विष घालायच्या आधी तिकडून, इकडून, समोरून तोंड काहून दाखवती — अशे. मागं एकदा म्हनलं, आपल्या गावात लाइट गेली की येत न्हाई, अन् तिकडं त्या बाईचा मेलेला नवरा बी टायमावर परत येते. लोकं महिनाभर हसत व्हते. भाजी घ्यायला गेले तं भाजीवाली म्हने, पद्माबाई, नवरा आला का? दिवसभर ब्लाऊज शिवते मी, पन ब्लाऊज शिवून कोनी वळखत न्हाई मानसाला, मामा. हसवून वळखते.

अन् मग ते गान्याचं निघालं. मुंबईच्या च्यानलचं. लेकरं गाते, मानसं मोबाइलवरून मत देते. पोरगी माझी चांगली गाती — गायची. जयंतीला विहारात ती गायला उभी राह्यली की मागच्या बाया लेकरांना गप करायच्या. भांडे घासताना गायची. आता भांडे घासती तं नुसता भांड्याचा आवाज येतो. तं गेलो औरंगाबादला निवडीला, लाइनीत उभ्या राहून राहून पाय सुजले. आत गेली, बाहेर आली, म्हनली आवाज जरा कापला गं. पन घेतलं त्यायनं कॅमेऱ्यात. मग एक दिवस फोन — 'आपकी बेटी का एपिसोड शनिवार को आयेगा, सबको बताइए.' सबको बताइए! अहो, मला सांगायची काय गरज? सांगायचाच तं धंदा माझा. कोनी विचारलं असतं, बाई, येनार म्हंजे कसं येनार, पास का नापास — तं मी म्हनलं असतं, नापास लेकरू कोनी टीव्हीवर दाखवते का? हे माझं डोकं. रोज टीव्हीला नावं ठेवनारी बाई मी, अन् टीव्हीवर सगळ्यात जास्त विश्वास माझाच. बातम्यात सांगितलं, पेढे वाटले, बॅनर छापला. व्यंकटराव म्हनले माझा बी फोटो टाका, मी दोरीचं बघतो. टाकला.

त्या शनिवारी लाइट न्हवती. लाइट कधी असती? कय्युमभाईनं ट्रॅक्टरची बॅटरी आनून विहारापुढं टीव्ही लावला. आमची गल्ली, त्यांची गल्ली, समदे. शेजारच्या जाहेदाभाभी नमाज आटपून धावत आल्या. दीक्षा नवा ड्रेस घालून माझ्या बाजूला. अन् आली, मामा, पोरगी टीव्हीवर. दोन ओळी गायली नसंल, मधीच बकरी वरडली. तिच्या तोंडात! आवाज कापला तोच तुकडा घेतला त्यायनं नेमका, अन् त्याच्यावर बकरीचा आवाज लावला. तिथले ते परीक्षक पोट धरून हसले, एकजन तं खुर्चीतून घसरला. मग दुसरं कोनतं पोरगं, त्याला भोंगा लावला. म्हंजे येड्यायचा एपिसोड व्हता तो. येडे दाखवायचा.

अन् आमच्याकडं चिडीचूप. समदे माझ्याकडं बघून राहिले — टीव्हीकडं न्हाई, पोरीकडं न्हाई, माझ्याकडं. हसावं का न्हाई ते माझ्या तोंडावरून ठरवनार. सवयच तशी लागली गावाला. तं मी हसले. काय करावं मग? मोठ्यानं हसले. मग समदे हसले, सुटले बिचारे. मी म्हनते, लोकं हसायच्या आधी आपन हसावं, तकलीफ कमी व्हते. माझं तं आयुष्य त्याच्यावर निघालं. दीक्षा? दीक्षा उठून घरात गेली. लाजली.

पुढच्या बातम्याला बसले तं कय्युमभाई म्हने, 'पद्माबाई, ये रहने दो.' मी म्हनलं, कसं रहने दो? आपन न्हाई बोललो तं गाव बोलंल, मग लई घान बोलंल. म्हैस वाचली, वाढदिवस वाचला, अन् शेवटी म्हनलं, आपल्या गावच्या दीक्षाबाईनी मुंबई गाजवली, ती अशी — अन् काढला बकरीचा आवाज. चांगला निघतो मला. लहानपनी शेरडं राखली हायत. अहो, काय हसलं गाव! फोन आले केबलच्या आफिसात, परत लावा, परत लावा. कय्युमभाई नगं म्हनत व्हते, मीच म्हनलं लावा, लोकायला पायजे तं. माझे इतके दोन शब्द झाले, पन त्यासारखे न्हाई झाले कधी.

तुमी बघितलं व्हतं का ते? ...हां. समद्यानं बघितलं.

टपरीवरची पोरं आता तिला बघून जो आवाज काढते ना — तो टीव्हीवरचा न्हाई, मामा. मी ऐकलाय. टीव्हीवरची बकरी सरळ वरडती. ह्यायच्या आवाजाला शेवटी एक पीळ हाय, तो माझा. बराबर उचलला पोरायनं. ...पन ते राहू द्या. आवाज काय, हवेत जाते. बॅनर जात न्हाई. बॅनरचंच दुखनं हाय तिला, मला माहीत हाय ना, आई हाय मी. तशी बोलती ती. शेजारच्या नाहिदसंगं भिंतीवरून तासतास बोलती, परवा तं हसल्याचा बी आवाज आला मला. मी गेले की गप. मी म्हनते, काय गं, मला बी सांग की जोक. तं आत जाती. जेवली का म्हनलं तं मान हालवती. बाप 'आईसंगं बोल' सांगून थकला, त्याच्याशी व्हय-न्हाई तरी करती. पोरी ह्या वयात आईला लाजते, न्हाई का? मी बी लाजायची. न्हाई — मी न्हाई लाजायची, मला तोंडच आवरायचं न्हाई.

तिकडं काय बघून राहिले रस्त्याकडं? इकडं बघा. बरं, काढू नका. हळद भिजंल, मालक तुमाला बोलंल, समजते मला. उलटा तरी करा! पांढरी बाजू वर, पोरीचं तोंड खाली. हळदीला काय फरक पडतो? मी एक टोक धरते, तुमी एक धरा. पेपर बुडला तं वरीस गेलं, अन् वरीस गेलं की तिचे काका टपूनच हायत, कळमनुरीचं ठिकान आनलंय, मुलगा पाइपच्या दुकानात हाय, म्हने गान्याबिन्याची त्याला काही आवड न्हाई, म्हंजे बरंच झालं. बरंच झालं म्हनते! मी बी तोंडानं 'बरंच' म्हनले, मामा, काल. काय म्हनू? इथून कुठं जाऊन गायचं लेकरानं? मुंबईवाल्यायपुढं गायली तं त्यायनं बकरी लावली, इथं गायली तं इथं मी हाय. हे बघा, हसू येते की न्हाई? तुमाला येत न्हाई. तुमी काही हसत न्हाईत बा.

चला, धरा टोक. ती वाट बघून राहिली घरी, मी गेल्याबिगर उंबरा वलांडायची न्हाई. बोला की, मामा, मगापासून मीच बोलून राहिले, एक अक्षर तं बोला!

"हीच ना बाई, ह्या फोटूतली? ही तं मगाच गेली पेपराला. इथवर आली व्हती, तुमाला बघितलं अन् मागच्या बोळीनं स्टॅन्डाकडं वळली."