मुळे धुणारी बाई

हॅलो?… ताई? मी बोलतेय… मी म्हणजे कोण काय, सुएनो. तुझी धाकटी बहीण. तीन वर्षांत आवाजही विसरलीस?… नाही गं, भांडायला नाही केला फोन. आधी टीव्ही लाव… अगं लाव ना, आठला तीन मिनिटं राहिलीत.

सकाळची मालिका बघतेस ना?… दुपारी परत दाखवतात तेव्हा? आज आत्ताच बघ. का ते सांगता येत नाही. सही घेतलीय माझी, दाखवेपर्यंत तोंड उघडायचं नाही म्हणून. पाच महिने नवऱ्यालासुद्धा कळू दिलं नाही… हसू नकोस. माझ्या पोटात काही राहत नाही, हे मलाही ठाऊक आहे.

…बरं बाई, सांगते. मी आहे त्यात… हो, मी. लढाईच्या दिवसांतलं गाव हवं होतं त्यांना, आमचं अजून तसंच आहे… छे, बोलायचं काही नाही. नायिका गाव सोडून ओसाकाला निघते आणि मी विहिरीपाशी मुळे धुते. तिच्याकडे बघायचंसुद्धा नाही.

तिथंच तर घोळ झाला… ती पोरगी वाकून वाकून निरोप घेते आणि माझी मान आपोआप खाली. समोरचं माणूस वाकलं की आपल्याला राहवतं का? सात वेळा परत केलं, सातही वेळा मी वाकले. शेवटी दिग्दर्शक म्हणाला, राहू दे, आजींना वाकू दे… हो ना, आजी म्हणाला मेला.

…कपडे?… तेच सांगायचं होतं. घरचे जुने असतील तर घालून या म्हणाले. मी आईची मोंपे घातलीय. ती शेतात घालायची निळी विजार… हो, तीच. तुला दिली नव्हती ती… ताई, ऐक ना. फोन ठेवायचा तर ठेव, पण टीव्ही बंद करू नकोस. हात जोडते.

…लागली? झालं, गाणं सुरू झालं. गप्प बस आता… हो, मीच बडबडतेय. ती बघ, निघाली. वळली की विहीर. आता… आता…

अगंबाई, पडद्यावर हे काय आलं… भूकंप? आत्ताच व्हायचा होता? कुठे… होक्काइदो? म्हणजे तुमच्याकडेच की. हललं का काही?… दिवासुद्धा नाही? मग एवढा नकाशा कशाला टाकलाय, नेमका माझ्या तोंडावर? पाच महिने कळ काढली गं मी, आणि…

थांब, थांब. वाकतेय मी. बघ, बघ, नकाशाखालून बाहेर आले… दिसले? अख्खी दिसले ना?… ताई?

काय म्हणालीस… आई दिसली?… अगं, मीच ती… हो, अशीच वाकायची. एक हात गुडघ्यावर ठेवून… मुद्दाम नाही गं केलं, तसंच होतं माझं… रडू नकोस, मग मलाही… चुकलंच माझं, ताई. आई गेली त्या दिवशी ती विजार तुझ्या हातातून ओढून घ्यायला नको होती. धुऊन घडी घालून ठेवलीय. आजच पाठवते… पाठवू नको? मग?

…तू येतेस? कधी?… उद्या? अगं, आगगाडीनं दीड दिवस लागतो… विमानानं? तू? जन्मात विमानात पाय ठेवणार नाही म्हणाली होतीस… डोळे मिटून बसशील?… बरं. ये. ये गं. ठेव आता, तिकीट काढ जा… नाही, आधी तू ठेव… बरं, मी ठेवते.