सोळाची चिठ्ठी

मंडळी, तुमी सारोळ्याहून, भोरावरनं येष्टीनं आलात. नसरापूरच्या या शाळेच्या व्हरांड्यात आपण दर इतवारी बसायचो, तसंच आजबी बसलोय. फकस्त शिकवणाऱ्या सुमनबाई न्हाईत. काविळीनं गेल्या. मला बोलाया उभं केलंय.

मी बाबूराव, कामथडीचा. शेती करतो, चौथी शिकलोय. सुमनबाई भोरच्या, बौद्धवाड्यातल्या. पुण्याला गणकयंत्रावर, म्हंजी कंप्युटरवर, कामाला. ते यंत्र आपल्यातल्या कुणी पाह्यलं न्हाई. पर त्याला काम कसं सांगायचं, ते बाईंनी हितं शिकवलं. आपणच यंत्र व्हायचं. रांगेत बसायचं. एकानं आलेल्या आकड्याची दुप्पट करायची, पुढच्यानं तीन मिळवायचे. आलेली चिठ्ठी खोडायची न्हाई, जपून ठेवायची. उत्तर नव्या चिठ्ठीवर लिहून पुढं द्यायचं. बाया, बाप्ये, म्हातारी माणसं, कुणीबी यावं. आज ज्याला आलं, त्यानं पुढच्या इतवारी नव्या माणसाला शिकवावं.

बाई म्हणायच्या, "आठ आले तर सोळाच द्यायचे. कुणी दिले, ते बघायचं न्हाई."

दुप्पट करायचं काम माझं. माझ्या पुढं बाईंच्या आई बसायच्या, या राहीआक्का. तवा नुकत्याच आकडे शिकल्या व्हत्या. आन् म्या काय केलं? चिठ्ठी त्यांच्या हातात दिली न्हाई. भुईवर ठेवली. का ठेवली, ते हितं समद्यांना ठावं हाय. हाताला हात लागू नये म्हणून. आपली रीतच तशी.

वारं आलं, चिठ्ठी उडाली. उत्तर शेवटपातुर पोचंना. बाई एकेकाच्या चिठ्ठ्या बघत माझ्यापाशी आल्या.

"काका, तुमच्याकडं आठ आलेत. सोळा कुठं गेले?"

"हितंच ठेवले व्हते की."

बाईंनी भुईकडं बघितलं. आईकडं बघितलं. एवढंच म्हणाल्या, "चिठ्ठी हातात द्यायची, काका."

मला राग आला. कालची पोर मला शिकवती? दोन इतवार आलो न्हाई. तिसऱ्याला बाई चालत माझ्या दारात. "काका, दुप्पट करणारं कुणी न्हाई. रांग अडलीया."

आलो. पर टोकाला जाऊन बसलो. शेवटच्या माणसाला कुणाला काय द्यावं लागत न्हाई. लई शाणा समजत व्हतो सोताला. बाईंना कळलं नसंल व्हय? त्यांनी माझ्यापायी समदं गणित बदललं, दुप्पट शेवटी नेली. म्हणाल्या, "बसा तिथं. पर एक दिवस पुढं द्यावंच लागंल."

तो दिवस म्या वरीसभर ढकलला. वाटलं, बाई कुठं जात्यात. त्यांच्या देखत आक्कांची माफी मागायची राह्यली. ते आता जलमभर सलणार.

ती आठाची चिठ्ठी माझ्यापाशी हाय. चूक झाली तरी खोडायची न्हाई, नवी लिहायची, हा बाईंचा नेम. म्हणून नवी लिहून आणलीया. सोळा.

राहीआक्का, तुमची लेक गेली. तुमच्या दुःखापुढं माझी चिठ्ठी ती केवढी. पर हात पुढं करा, आक्का. मला हातात द्यायचीया.

आता तीन मिळवा. ते काम तुमचंच हाय.

मंडळी, आक्कांनी दिली की तुमी हातात घ्या, आपलं काम करा, पुढं द्या. शेवटच्या माणसाकडं पोचंपातुर कुणी बोलू नका.