आपल्या बाजूचं घड्याळ

आनंद : या स्पर्धेतले सगळे डाव गेल्या वर्षी संपले, एक सोडून. तो एक माझा आणि फिनलंडच्या लेहतोनेनांचा. ते एका दिवसात उत्तर देतात, मी एका तासात चाल ठरवतो, आणि डाव दुसऱ्या वर्षात आहे.

सरोजिनी : अशा बुद्धिबळाला वेळ लागतोच, असं तुम्हीच म्हणायचात ने? आणि डॉक्टरांनी संगणकाच्या पडद्यासमोर बसायला नको सांगितलंय. मोतीबिंदू काढून आठवडा नाही झाला.

आनंद : पोस्टकार्डावर खेळायचो तेव्हा वेळ टपालाला लागायचा. इंटरनेटवर चाल त्याच क्षणी पोचते. आता वेळ लागतो तो फक्त विचाराला. दहा चालींना पन्नास दिवस मिळतात. ते कोणी पुरते वापरले तर वर्षं लागणारच. पण आम्ही दोघंही ते वापरत नाही.

सरोजिनी : मग ते रजेवर असतील. रजा असते ने तुमच्या खेळात?

आनंद : असते. घेतली की पडद्यावर दिसते. त्यांनी घेतलेली नाही.

सरोजिनी : बर्फात तिकडे वीज जात असेल.

आनंद : वीज इथे बडोद्यात, आपल्या कारेलीबागेत जाते, सरोजिनी. फिनलंडमध्ये नाही.

सरोजिनी : निवृत्त झालात, गोरव्याची प्रयोगशाळा सुटली, पण तुमची तपासणी काही सुटली नाही. मान मागे करा, ड्रॉप घालते.

आनंद : घाल. वर्षभर मला पडदा धूसर दिसत होता. मी लाकडी पटावर मोहरे चाचपून चाल ठरवायचो, तू ती संगणकावर द्यायचीस, उत्तर आलं की वाचून दाखवायचीस. बरोबर?

सरोजिनी : बरोबर. डोळा गच्च मिटू नका.

आनंद : आज पहिल्यांदा मी तो पडदा स्वतः वाचला. पटाच्या वर दोन घड्याळं असतात, कोणाकडे किती वेळ उरला ते दाखवणारी. त्यांच्याकडे जवळजवळ सगळा वेळ शिल्लक आहे. आपल्याकडे चार दिवस.

सरोजिनी : चार? पाच हवेत.

आनंद : म्हणजे तुला आकडा ठाऊक होता.

(सरोजिनी बाटलीला झाकण लावते आणि खुर्ची ओढून शेजारी बसते.)

सरोजिनी : ऑपरेशनच्या गडबडीत एक दिवस चुकला वाटतं. लक्ष ठेवावं लागतं. वेळ संपला असता तर तुम्ही हरला असतात, आणि तुम्हाला हरू द्यायचं नव्हतं मला.

आनंद : मी विचारायचो तेव्हा तू म्हणायचीस, 'उत्तर नाही आलं.'

सरोजिनी : खोटं कुठे होतं? चालच पाठवली नव्हती, तर उत्तर कुठून येणार?

आनंद : तर्कात चूक नाही.

सरोजिनी : रागावलात?

आनंद : अजून कारण कळलेलं नाही. आधी ते सांग.

सरोजिनी : उत्कर्षला फोनवर काय सांगितलंत तुम्ही? 'ही स्पर्धा संपली की फ्लॅट विकून आम्ही दोघं कायमचे बंगळूरला येतो.' मी तिथेच पोळ्या लाटत होते.

आनंद : तू काही बोलली नाहीस.

सरोजिनी : बोलायला माझं मत कोणी मागितलं होतं? मुलानं हौसेनं आपल्यासाठी खोली रंगवून ठेवलीय, त्याच्यावर माझा राग नाही. पण मागे राहून आलो ने आपण तिथे? बाराव्या मजल्यावर दिवसभर मी आणि फ्रिजचा आवाज. तुम्ही पट मांडला की तुम्हाला गाव कुठलंही चालतं. इथे शेजारच्या हीनाबेन वाटीभर कढी देतात, मी ती वाटी रिकामी परत करत नाही, आणि त्याही करत नाहीत. इतकी वर्षं फिरतेय ती की मूळची कोणाच्या घरची, ते आम्हा दोघींनाही आता सांगता येणार नाही. तिकडे वाटी घेऊन कोणाच्या दारात उभी राहू मी?

आनंद : हे मला सांगायचंस.

सरोजिनी : सांगितलं असतं तर तुम्ही कागद घेऊन बसला असतात. एकीकडे फायदे, एकीकडे तोटे. आणि मला पटलं असतं. तुमचं मला पटतंच. म्हणून नाही सांगितलं.

आनंद : शक्य आहे. कागद मी नक्की घेतला असता.

सरोजिनी : डोळा चोळू नका.

आनंद : चोळत नाही. ड्रॉपचं पाणी आहे. सरोजिनी, तुला बंगळूरला जायचं आहे का?

सरोजिनी : आता विचारताय.

आनंद : आता विचारतो आहे. हातात कागद नाही.

सरोजिनी : नाही जायचं मला. बडोदं सोडायचं नाही.

आनंद : ठीक. उत्कर्षला आज मी फोन करीन. तो नाराज होईल, ते मी ऐकून घेईन.

सरोजिनी : आणि उद्या हातपाय थकले म्हणजे?

आनंद : तेव्हा पुन्हा विचारीन. आजचं उत्तर उद्याला लागू पडेलच असं नाही.

सरोजिनी : सारुं, तसं करू. पण त्या फिनलंडवाल्यांना काय सांगायचं? मधे निरोप आला होता त्यांचा. 'चाली उशिरा येतात, तुमची प्रकृती बरी आहे ना?' मी लिहिलं, बरी आहे, आभारी आहे.

आनंद : बिचारे काळजी करत राहिले. त्यांना खरं कारण कळायला हवं. तू बस संगणकावर. हत्ती ए-सात ही चाल दे, आणि खाली लिही.

सरोजिनी : सावकाश सांगा हं. मला इंग्रजीत करून लिहायचंय.

आनंद : 'उशीर तुमच्याकडून झाला नाही. यंत्रातही दोष नव्हता. हा डाव संपला की गाव सोडायचं, असं मी ठरवलं होतं; आणि ठरवताना पत्नीला विचारलं नव्हतं.'