थर्माकोल भरलेली होडी

थर्माकोलला हसू नका रे. संपात माझी गिरणीतली नोकरी सुटली, तेव्हा मी लालबागला गणपतीची मखरं करायचो. उरलेलं थर्माकोल मी वरळीच्या माझ्या कोळी मित्राच्या, हरीच्या, शिडाच्या होडीत फळ्यांखाली घट्ट बसवून दिलं. हरी म्हणाला, "एवढ्यानं होडी तरते होय?"

एकदा दोघंच समुद्रात असताना मोठी लाट आत आली आणि होडी काठोकाठ भरली. मला पोहता येत नव्हतं. मी डोळे मिटून हरीला मिठी मारली. होडी जराशी खाली गेली आणि तिथंच थांबली. आम्ही कमरेभर पाण्यात, पण फळीवरच!

मासे घेऊन परतणारी एक बोट जवळ आली. तिचा म्होरक्या, तांडेल, ओरडला, "बुडालात काय रे?"

हरी सुकाणू धरून शांतपणे म्हणाला, "नाय रे, बसलोय. जरा ओढून ने."