हिरवा दिवा आणि एक राजीनामा

आजच्या समारंभाचे अध्यक्ष असलेले आपल्या रुग्णालयाचे माननीय संचालक, व्यासपीठावरचे विश्वस्त, इतर रुग्णालयांच्या तंत्रज्ञान विभागांतून आलेले तरुण अधिकारी, माझे सहकारी डॉक्टर, सिस्टर, वॉर्डातले सगळे, आणि जिच्या निरोपासाठी आपण जमलो ती आमची ताई, सगळ्यांना माझा नमस्कार.

मी अतिदक्षता विभाग सांभाळते. एका जागी उभं राहून बोलायची मला सवय नाही, तेव्हा माईक सोडून इकडेतिकडे गेले तर सांभाळून घ्या. संचालकसाहेबांनी मला विषय दिलाय, 'आरोग्यक्षेत्रातील तंत्रज्ञान आणि नेतृत्वाचे धडे'. साहेब, विषय भारदस्त आहे. पण धडे वगैरे मला जमत नाहीत. मी जे पाहिलं ते सांगते.

आमच्या तंत्रज्ञानप्रमुखांना वॉर्डात कुणी मॅडम म्हणत नाही. 'प्लगताई' म्हणतात. काही बंद पडलं म्हणून फोन केला की यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "प्लग लावलाय का?" आणि सांगायला लाज वाटते, पुष्कळदा लावलेला नसायचा! पण फोनवर हे विचारून त्या थांबायच्या नाहीत, मागोमाग स्वतः यायच्या. एरवीही आठवड्यातून एकदा आमच्याकडे येऊन कोपऱ्यातल्या स्टुलावर बसायच्या. सुरुवातीला आम्हाला वाटलं, आमच्यावर पाळत ठेवायला येतात की काय. मी विचारलंसुद्धा, "तुम्हाला काय बघायचंय?" म्हणाल्या, "आमची यंत्रं तुम्हाला किती त्रास देतात ते."

आता मूळ गोष्ट. आपण नवीन यंत्रणा आणली. रुग्णाची नाडी, श्वास, रक्तदाब हे सगळं बघून, कुणाची प्रकृती ढासळणार हे ती आधीच सांगते. बरं असेल तर हिरवा दिवा, धोका असेल तर लाल. यंत्रणा चांगली आहे, हे मी इथे मुद्दाम सांगते. चाचणी आमच्याच विभागात सुरू होती.

एका सकाळी खिडकीजवळच्या खाटेवर एक बसचालक होते. ऑपरेशन नीट झालेलं, दिवा हिरवा. त्यांची बायको सिस्टरना म्हणाली, "यांचं काहीतरी बिनसलंय." सिस्टरनी यंत्रणेच्या पडद्यावरचा दिवा दाखवला, "बघा ना, सगळं ठीक आहे." बाई पुन्हा नवऱ्याकडे वळल्या. पण ताई स्टुलावरून उठल्या आणि त्यांच्याजवळ गेल्या.

"तुम्हाला असं का वाटतं?"

"मी माझ्या भावाचं नाव काढलं, तरी हे काही बोलले नाहीत. एरवी त्याची टिंगल केल्याशिवाय राहत नाहीत हो."

यावर दुसरं कुणी हसलं असतं. ताईंनी मला हाक मारली. मी येऊन मनगट हातात घेतलं तर घामाने थंडगार, नाडी लागेना. आतल्या आत रक्तस्राव होत होता. आम्ही धावत त्यांना पुन्हा ऑपरेशनला नेलं. आणि आमच्या पाठीमागे दिवा हिरवाच!

का? तर खाटेजवळच्या यंत्राकडून माहिती येणं पहाटेपासूनच थांबलं होतं. यंत्रणा शेवटचे आकडे धरून बसली होती आणि तेच ताजे म्हणून दाखवत होती.

ते गृहस्थ वाचले. शुद्धीवर आल्यावर पहिलं वाक्य काय बोलले असतील? "तुझा भाऊ आला नाही ना? म्हणून वाचलो." आमचा अख्खा विभाग हसला. ताई मात्र भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या. खांदे हलत होते, पण हसण्याने नव्हे.

त्यांनी यंत्रणा बनवणाऱ्या कंपनीला कळवलं की माहिती थांबली तर दिवा विझला पाहिजे. कंपनीचे गृहस्थ म्हणाले, "पुढच्या आवृत्तीत करू." पुढची आवृत्ती कधी? "बघतो." इकडे यंत्रणा सगळ्या वॉर्डांत सुरू करायची तारीख जाहीर झाली होती, पाहुण्यांना आमंत्रणं गेली होती. बैठकीत साहेबांनी विचारलं, "एका प्रसंगासाठी सगळं अडवायचं?" साहेब, आपल्यावरही वरून दबाव होता, हे मला माहीत आहे. ताई शांतपणे म्हणाल्या, "पेशंट बरा आहे आणि पेशंटचं आपल्याला काही कळत नाहीये, या दोन्हीला एकच रंग मी देऊ शकत नाही." त्यांनी मंजुरीची सही केली नाही. दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला.

आजच्या निमंत्रणपत्रिकेत मात्र राजीनामा 'वैयक्तिक कारणास्तव' असं छापलंय. ते वाचल्यापासून मला चैन नाही. चांगलं बोलावं, शाल द्यावी, घरी जावं, असं ठरवून आले होते. पण तरुण मित्रांनो, तुम्ही इथून काय शिकून जाणार? की ठाम राहिलं की हार घालून निरोप देतात? मला तुम्हाला हे शिकवून पाठवायचं नाही.

ताई, तुम्ही मला काही बोलू नकोस म्हणाला होतात. माझ्या स्वभावाला औषध नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे.

अध्यक्षमहाराज, सोमवारी यंत्रणा सगळीकडे सुरू व्हायची आहे. ताईंच्या जागी येणारे सही करतीलही, पण त्यासाठी अतिदक्षता विभागप्रमुखाची, म्हणजे माझीही सही लागते. ती मी केलेली नाही आणि दिव्याची दुरुस्ती होईपर्यंत करणार नाही. हे आपल्याला बंद खोलीत सांगता आलं असतं. पण बंद खोलीत ताई एकट्या पडल्या, म्हणून इथे सांगते. दुरुस्ती ज्यांना कळते त्या याच व्यासपीठावर, आपल्या शेजारी बसल्या आहेत. त्यांना थांबवून घेणं अजून आपल्या हातात आहे.

मला बोलू दिल्याबद्दल संयोजकांची आभारी आहे. बोलता बोलता आवाज चढला असेल, कुणाचा उल्लेख राहिला असेल, तर मोठ्या मनाने क्षमा करा. वॉर्डात पेशंट आहेत, चहाला थांबता येणार नाही, त्याचीही माफी असावी. येते.