संवाद समजावणारा नवरदेव

मला एका संस्कृतच्या प्राध्यापकानं नापास केलंय, तेही आमच्याच घरी बसून! धुळ्याहून शिरपूरला मला बघायला आला होता. आबांनी सहज विचारलं, "काय शिकवता?" झालं, तास सुरू. "वद् धातू. वद् म्हणजे बोलणं. त्यातूनच वाद, त्यातूनच संवाद. संवाद म्हणजे दोघांनी बोलणं." पोहे गार झाले, तरी हा विद्वान थांबेना. मी तोंड उघडलं की हात वर करायचा, "थांबा, मुद्दा पूर्ण होऊ द्या."

आठवड्यानं मध्यस्थाकडून निरोप आला, "मुलगी चांगली आहे, पण अजिबात बोलत नाही."

आई रडायला लागली. आबा तिच्यावर खेकसले, "रडस कशाले? पोर वाची गयी आपली!"