बाटली टेकवल्यावर कोणी बोलायचं नाही

चेअरमन आबा, सुमनमामी, आणि टँकर उभे करून आलेल्या ड्रायव्हर मंडळींनो,

मला चार माणसांत बोलायची सवय नाही. माझं बोलणं इंजिनाशी. तिथं चूक झाली तर ते लगेच सांगतं. माणसं सांगत नाहीत, मनात ठेवतात. म्हणून चुकलो तर आज इथंच सांगा.

रंगनाथ उस्ताद जाऊन तेरा दिवस झाले. माझ्याआधी तिघे बोलले. तिघांनीही सांगितलं, उस्ताद देवमाणूस होते, सगळ्यांवर विश्वास टाकायचे. माफ करा, पण हे चूक आहे. उस्ताद कोणावर विश्वास टाकायचे नाहीत. लई संशयी माणूस. सोळा नंबरचा पाना मागितला आणि तुम्ही दिला, तरी त्यावरचा आकडा वाचल्याशिवाय लावायचे नाहीत.

मी भागवत. तेलगाव रस्त्याला माझं गॅरेज आहे, संस्थेच्या गाड्याही मीच दुरुस्त करतो. शाळा सातवी. आयटीआयचं फाटक मी आतून पाहिलेलं नाही. शिकलो ते उघडून, पसरून, परत जोडून. पण पहिला पाना हातात दिला तो उस्तादांनी, याच संस्थेच्या वर्कशॉपमध्ये.

जुन्यांना आठवत असेल. आपल्याकडं पेट्रोलच्या जीपा होत्या. उस्तादांनी त्यातलं पेट्रोल इंजिन उतरवून डिझेलचं बसवायला सुरुवात केली. कार्बोरेटर गेला, प्लग गेले. धारूरचा घाट चढून आलेल्या जीपेभोवती माणसं जमायची. "ठिणगीच न्हाई, तर पेटतं कशानं बे?" उस्ताद म्हणायचे, "दाबानं. हवा दाबली की तापती. माणूस बी तसाच हाय, दाबून बघ."

आणि मग त्यांची बाटली. हसू नका, उस्ताद दारूला कधी शिवले नाहीत. काचेची, बिनरंगाची, सरबताची बाटली. गाडीत डिझेल ओतायच्या आधी त्यातलं थोडं बाटलीत घ्यायचं, टेबलावर टेकवायचं आणि बघायचं. पाणी जड, ते तळाला बसतं. डिझेल वर राहतं. मधे सरळ रेघ दिसते. बाटली टेकवली की कोणी बोलायचं नाही, हा त्यांचा कायदा. मी एकदा विचारलं, "उस्ताद, बोललं तर पाणी बसायचं थांबतं का?"

"न्हाई थांबत. पण बोलणारा माणूस बाटलीकडं बघत न्हाई."

आता मी ज्यासाठी उभा राहिलोय ते सांगतो. मामी, तुमच्या मालकांबद्दल आहे, तुम्ही ऐका. आबा, तुम्हीपण ऐका.

तीन वर्षांपूर्वीचा दुष्काळ. संस्थेनं पाण्यासाठी दोन नवे टँकर घेतले. कॉमन रेल इंजिन. जुन्या इंजिनात पंप एकेका नोझलला पाळीपाळीनं डिझेल पाठवायचा. यात एकाच नळीत प्रचंड दाबानं डिझेल भरलेलं असतं, आणि कोणत्या नोझलला कधी सोडायचं ते कॉम्प्युटर ठरवतो. जुन्या इंजिनाला थोडं पाणी गेलं तर ते खोकायचं, पांढरा धूर काढायचं. फिल्टर सोडायचा, हवा काढायची, चालू. नव्याला ते सोसत नाही. नोझलची भोकं सुईच्या टोकाएवढी. पाणी गेलं की नोझल गंजतं, संपतं.

उस्तादांनी नव्या टँकरला एक फेरी मारली. म्हणाले, "ह्याचा धूर बी दिसंना. धूर न काढणारं इंजिन आन् न चिडणारा माणूस, दोघांचं पोटात काय हाय ते कळत न्हाई. बाटली ठेव, भागवत्या."

मी इंजिनाचा दोष वाचणारा नवा स्कॅनर घेतला होता. मी म्हणालो, "उस्ताद, आता मशीन सांगतं. बाटलीचे दिवस गेले."

"मग इचार की तुझ्या मशीनला, डिझेल कुणाच्या घरून आलं."

पंधरा दिवसांत पहिला टँकर बंद पडला. स्कॅनर म्हणाला, रेलचा दाब कमी. नोझल बदलली. मग दुसरा बंद पडला. खालच्या वस्तीवर बाया कळशा मांडून बसलेल्या. तेव्हा मी फिल्टर उघडला, आणि त्यातून पाणी निघालं. गावात प्यायला पाणी नाही, आणि इंजिनात पाणी!

मला एकच सुचलं. कोणीतरी मुद्दाम ओतलं. नव्या इंजिनावर राग कोणाला? वर्कशॉपची किल्ली कोणाकडं?

आबा, तुमच्या केबिनमध्ये तुम्ही मला विचारलंत, "आतला माणूस हाय का?" मी म्हणालो, "हाय." तुम्ही म्हणालात, "कोण?" मी नाव घेतलं नाही. हे मी तीन वर्षं स्वतःला सांगत आलो, की मी नाव घेतलं नाही. मी फक्त खिडकीतून बाहेर पाहिलं. खिडकीबाहेर लिंबाखाली एकच माणूस बसला होता, गुडघ्यावर गॅस्केट कापत.

दुसऱ्या दिवसापासून उस्तादांना येऊ नका म्हणून सांगितलं गेलं. त्यांनी हत्यारं पुसून जागेवर लावली. किल्ली टेबलावर ठेवली. त्यानंतर टँकर बंद पडले नाहीत, आणि मला वाटलं, बघा, संशय खरा निघाला.

गेल्या महिन्यात टँकर पुन्हा बंद पडला. तोच दोष, तेच पाणी. उस्ताद तीन वर्षांत या फाटकाच्या आत आले नव्हते. मग ओतलं कोणी?

मी घरी जाऊन काचेची बाटली शोधली. डिझेल आपण दोनशे लिटरच्या सात टिपाडांत आणून ठेवतो. पहिल्याच टिपाडाचं डिझेल टेकवलं, आणि तळाला बोटभर पाणी. मग रिकाम्या टिपाडांत टॉर्च मारला. आत पांढरे थर. बोअरच्या पाण्याचे. ही टिपाडं दुष्काळात वस्त्यांवर गेली होती, जनावरांचं पाणी साठवायला. बुचाच्या भोकातून शेवटचं तांब्याभर पाणी निघत नाही. आणि टिपाड आडवं करून पाणी मातीत सांडायला त्या दिवसांत कोणाचा हात धजेल? पाण्यासकट टिपाड परत आलं, आणि आपण त्यावर डिझेल भरलं. कोणीही ओतलं नव्हतं. कोणाला सांडवलं नव्हतं, एवढंच.

मी त्याच दिवशी उस्तादांकडं जायला हवं होतं. गेलो नाही. म्हटलं, सातही टिपाडं तपासू, पूर्ण खात्री करू, मग तोंड दाखवू. चार दिवस गेले. सातवं टिपाड उघडत होतो तेव्हा फोन आला, उस्ताद गेले. पूर्ण खात्री झाल्याशिवाय बोलायचं नाही, ही माझी सवय. तीन वर्षांपूर्वी कुठं गेली होती?

तरी एक गोष्ट जुळेना. मधली तीन वर्षं टँकर चालले कसे? मला आबांवर संशय आला. आबा, तुमच्या तोंडावर सांगतो. संस्थेत एक नरसाळं होतं, आत पाणी अडवणारी बारीक जाळी बसवलेलं. उस्तादांना काढलं त्याच आठवड्यात कुठूनसं आलं होतं. मला वाटलं, आबांना खरं कळलं होतं आणि त्यांनी गुपचूप नरसाळं आणून प्रकरण दाबलं. गेल्या महिन्यात त्याची जाळी फाटली म्हणून टँकर बंद पडला.

तिसऱ्याच्या दिवशी मी ड्रायव्हर बापूला आडवा घेतला. "खरं सांग, नरसाळं कोणी आणलं?"

बापू म्हणाला, "उस्तादांनी दिलतं. घरी बसून केलतं. म्हणाले, माझं नाव सांगू नको. नाव कळलं तर भागवत्या वापरायचा न्हाई."

आबा, तुमच्यावरचा संशय मी परत घेतो. माझ्यावरचा तसाच राहू द्या.

मामी, उस्तादांनी पाणी ओतलं नव्हतं. हे मी सगळ्यांसमोर सांगतोय, मोठ्यानं सांगतोय, आणि तीन वर्षं उशिरा सांगतोय.

फोटोशेजारी ही सरबताची बाटली मी ठेवलीय. सकाळी संस्थेच्या टिपाडातून भरलेलं डिझेल आहे. आता हलवतो आणि टेकवतो. आपण सगळे उभे राहू. टेबलाला कोणी हात लावू नका. तळाला काय बसतं ते तुमच्या डोळ्यांनी बघा. माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नका. एकदा ठेवलात, तेवढं पुरे.

उस्ताद, बाटली टेकवली. आता कोणी बोलत नाही.